पाचारण त्यांचं, डिपेंडंट पास माझा

ठाणे, कळवा, ऐरोली या पट्ट्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमधून अधूनमधून एखादं तरुण जोडपं घरी येतं. चहा होतो, मग नवरा घसा खाकरून सांगतो, "मावशी, आम्हाला देवाचं पाचारण आहे. कर्णबधिरांमध्ये, परदेशात." बायको गप्प. मी तिच्याकडे वळून विचारते, "आणि तुला गं?"

आम्ही मुलांसह काही वर्षं केनियात होतो, म्हणून ही मंडळी माझ्याकडे येतात. नवऱ्याला 'क्लास आय' परवाना होता, मान्यताप्राप्त धार्मिक आणि सेवाभावी कामासाठी देतात तो. मला डिपेंडंट पास. त्या पासवर नोकरी करता येत नाही. कागदोपत्री तुम्ही कुणाची तरी बायको, बाकी काही नाही. हे निघण्याआधी नीट समजून घ्या, कारण परदेशातली सेवा मोडते ती पुष्कळदा इथंच.

होतं काय, की नवरा दिवसभर कर्णबधिरांमध्ये असतो, त्याचे हात भराभर वळू लागतात. संध्याकाळी तीच मंडळी घरी येतात. दिवाणखान्यात हात उडतायत, हशा पिकतोय, आणि बायको ओट्याशी चपात्या लाटतेय. विनोद कशावर झाला ते तिला कळत नाही. पाहुण्यांना चहा हवा की पाणी, हेसुद्धा नवऱ्यामार्फत विचारायचं. स्वतःच्या घरात तीच बहिरी! म्हणून माझा सल्ला रोखठोक आहे: सांकेतिक भाषेच्या वर्गाची फी एकाचीच परवडत असेल तर बायकोची भरा. नवरा कामातून शिकेलच.

आणि वर्ग इथेच सुरू करा. वांद्र्याला कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची, तिथं सांकेतिक भाषेचं शिक्षण मिळतं. दुभाषी व्हायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेचा दोन वर्षांचा डिप्लोमा करा. दिल्लीचं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये सुरू झालं. त्यांच्या व्हिडिओ-शब्दकोशाची २०२१ ची आवृत्ती १०,००० शब्दांची आहे आणि ती फुकट बघता येते. महाप्याची हेलन केलर संस्था ऐकू न येणाऱ्या आणि दिसतही नसणाऱ्या मुलांसाठी काम करते. परवानगी काढून एकदा बघून या.

पण शब्दकोश पाठ करून कुणी बोलायला शिकत नाही. ऑफिस सुटल्यावर फलाटावर कर्णबधिर तरुणांचं कोंडाळं दिसतं ना, तिथं ओळख काढा. (ते चढतात त्या दिव्यांगांच्या डब्यात मात्र तुम्ही चढू नका, दंड होईल.) पहिले काही महिने तुमची टिंगल होईल, ती सहन करा. तुम्हाला खुणेचं नावही तेच देतील, ते स्वतःहून ठरवायचं नसतं. हनुवटीवरचा तीळ, चष्मा, केसांची बट, डोळ्यांत भरेल ते नाव. एकदा ते पडलं की तुम्ही आत आलात.

"तिकडची भाषा वेगळीच, मग इथली कशाला शिकायची?" हा प्रश्न येतोच. वेगळी आहे, खरंच. आपल्याकडची इंग्रजी मुळाक्षरं दोन हातांनी दाखवतात, केनियात एका हाताने. पण चेहऱ्याने प्रश्न विचारणं, हवेत माणसांच्या जागा ठरवून गोष्ट सांगणं, समोरच्याची नजर न सोडणं, हे वळण एकदा शरीरात बसलं की दुसरी सांकेतिक भाषा लवकर येते. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेने तर संसदेच्या कामकाजात स्वाहिली आणि इंग्रजीबरोबर केनियन सांकेतिक भाषेलाही अधिकृत स्थान दिलंय. तिथं मोडकंतोडकं बोलून वेळ मारून नेणारा पाहुणा लोकांना चटकन कळतो.

केनियात बहुसंख्य लोक आधीच ख्रिस्ती आहेत, मग तिथं जाऊन करायचं काय, हाही प्रश्न रास्त आहे. कुठल्याही देशात दहातली नऊहून अधिक कर्णबधिर मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. घरात त्यांच्याशी बोलणारं कुणी नसतं. आई-बाबा, भावंडं दर रविवारी उपासनेला जातात, हे पोरगंही बाकावर बसतं आणि पाळकाचे हलणारे ओठ बघत मोठं होतं. बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट पहिल्यांदा समजते ती विशी ओलांडल्यावर, कुणीतरी हातांनी सांगितल्यावर. काम हे आहे.

ते काम बहुतेक कर्णबधिर माणसंच करतात आणि फार पूर्वीपासून करत आली आहेत. अँड्र्यू फॉस्टर हे कृष्णवर्णीय अमेरिकन मिशनरी स्वतः कर्णबधिर होते. १९५७ मध्ये ते घानात गेले, पुढे आफ्रिकेतल्या १३ देशांत त्यांनी तीसहून अधिक शाळा उभ्या केल्या. पत्नी बर्टा जर्मनीच्या, त्याही कर्णबधिर. पाच मुलांचा संसार सांभाळून हे चाललं होतं. १९८७ मध्ये रुआंडात विमान अपघातात ते गेले. ही परंपरा माहीत असली की आपण कुणाचा तरी उद्धार करायला निघालोय ही हवा डोक्यात जात नाही. ऐकणाऱ्या माणसाच्या वाट्याला बहुधा हिशेब, पत्रव्यवहार, कॅमेरा आणि संपादन येतं. सांकेतिक भाषेतलं बायबल व्हिडिओवर असतं आणि त्याला वेळ किती लागतो बघा: अमेरिकन सांकेतिक भाषेतलं काम डेफ मिशन्स या संस्थेने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हाती घेतलं आणि संपूर्ण बायबल २०२० मध्ये पुरं केलं. तुमच्या दोन वर्षांच्या मुदतीत काय होणार, हे त्यावरून ताडा.

एक कळकळीची विनंती. बायबलमधला, मार्क ७ मधला, येशूने बरा केलेला बहिरा माणूस आठवून दिसेल त्या कर्णबधिराच्या कानांवर हात ठेवायला धावू नका. लहानपणापासून प्रत्येक सभेत कुणी ना कुणी त्यांच्यावर ते केलेलं असतं, आणि कान उघडले नाहीत की विश्वास कमी पडला असं त्यांनाच ऐकवलेलं असतं. ती मंडळी या प्रकाराला विटलेली आहेत.

उपासनेतल्या सवयीही बदलाव्या लागतात. डोळे मिटून, हात जोडून, ही आपली शब्बाथ शाळेची, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गाची, शिस्त. तिथं डोळे मिटले तर प्रार्थना दिसणार कशी, आणि हात जोडले तर ती करणार कशाने? कडेवर बाळ घेतलेली आई एका हाताने प्रार्थना करते, बाळ तिची बोटं पकडायला बघतं, आणि सगळे ती अर्धवट वाक्यं जुळवून घेतात. वीज गेली की उपदेश तिथल्या तिथे थांबतो, मग कुणीतरी मोबाईलचा टॉर्च उपदेशकाच्या हातांवर धरतं. दुभाष्याने बांगड्या आणि नक्षीदार कपडे घालू नयेत, एकरंगी बरे. आपल्या बायकांना हे जड जातं, नाताळात तर फारच.

मुलांची काळजी नको, ती आपल्याआधी शिकतात. आमची धाकटी लक्ष वेधायला हाक मारायची नाही, खांद्यावर थोपटायची. ठाण्यात परतल्यावर शाळेत बाईंच्या खांद्यावर तसंच थोपटलं आणि डायरीत शेरा आला. मात्र पोरांना दुभाषी म्हणून वापरू नका. दवाखान्यात किंवा नवरा-बायकोच्या भांडणात दहा वर्षांच्या पोराला मध्ये उभं करणं वाईट. घरात मराठीच बोला. जेवणाचे हाल होत नाहीत: चपाती तिथं घरोघरी होते, नाचणी विंबी नावाने मिळते, आणि मसाल्याला गुजराती दुकानं आहेतच.

आता कागद. पोलीस क्लिअरन्स वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून काढा. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या निदान १० दिवस आधी घ्या, जे. जे. रुग्णालयात मिळते. एकदा घेतली की दाखला आयुष्यभर चालतो. तो नसेल तर केनियातून परतताना विमानतळावरून ६ दिवस विलगीकरणात जावं लागू शकतं. ९ महिन्यांखालच्या बाळाला ही लस देत नाहीत, तेव्हा तारखा तशा जुळवा.

पैशाचं आधी सीएशी बोला. मंडळीचा ट्रस्ट दरमहा पाठवेल, असं पंच परस्पर आश्वासन देऊन टाकतात. पण धर्मादाय ट्रस्टने भारताबाहेर खर्च केलेल्या उत्पन्नाला खास मंजुरीशिवाय आयकरात सूट मिळत नाही. व्यक्तींनी आपापल्या खात्यातून पाठवणं सोपं पडतं.

आणि दहावी कुठं करायची ते जाण्याआधी ठरवा. नैरोबीतल्या ब्रिटिश धर्तीच्या शाळांतली आयजीसीएसई ही दहावीच्या तोडीची परीक्षा इथं अकरावीला चालते, फी मात्र कंबर मोडते. आम्ही थोरल्याला नववीलाच आजीकडे कोपरीला ठेवलं. ते त्याला आवडलं नव्हतं, अजूनही कधीमधी बोलून दाखवतो.