सायलेन्सर बदलला आणि ॲव्हरेज पडलं: गॅरेजात नव्याने येणाऱ्यांसाठी

आयटीआयमधून मोटर मेकॅनिक होऊन गॅरेजात आलात की एक तक्रार हमखास कानावर येईल. पेट्रोल-सीएनजीचा छोटा मालवाहू टेम्पो, बाहेर कुठंतरी सायलेन्सर बदललेला, आणि ड्रायव्हर म्हणतो, "मिस्त्री, पाइप मोकळा केल्यापासून गाडी नुसती पेट्रोल पितेय."

पाइप मोकळा करण्याची कारणं वेगवेगळी. कुणाला आवाज हवा असतो, तर कुणाचा सायलेन्सरच चोरीला गेलेला असतो. सायलेन्सरबरोबर कॅट, म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो; त्यातल्या प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम या महाग धातूंसाठी असे सायलेन्सर उडवतात, मारुती ईको व्हॅनवाल्यांना विचारा. कंपनीचा पार्ट महाग, म्हणून मालक वेल्डिंगवाल्याकडून साधा पाइप जोडून घेतो.

नवी मुलं अशा गाडीत सरळ इंजेक्टरला हात घालतात. तिथे सहसा काही नसतं. पेट्रोल नीट जळायला एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. ते प्रमाण राखायला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरवर विसंबतो. साधा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये खालीवर होत राहतो. ०.४५च्या वर म्हणजे मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त), खाली म्हणजे लीन (हवा जास्त). आता सेन्सरच्या अलीकडचा, इंजिनाच्या बाजूचा जॉइंट लीक असेल तर काय होतं? एक्झॉस्टचा दाब सलग नसतो, झटक्यांनी येतो. दोन झटक्यांच्या मधे दाब पडतो आणि फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसला की ईसीयू समजतो मिक्श्चर लीन आहे आणि पेट्रोल वाढवतो. म्हणजे स्कॅनरवर कोड येतो पी०१७१, सिस्टीम लीन. आणि इंजिन प्रत्यक्षात रिच चालत असतं.

आमच्याकडे भाजीवाल्याचा एक टेम्पो असाच आला होता. आधीच्या गॅरेजने प्लग, फिल्टर, इंजेक्टर सगळं बदललेलं. लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू नेहमीपेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा कमी करतो तो आकडा, आयडलला प्लस १८, रेस २५०० आरपीएमवर धरली की प्लस ६. इनटेकमधून, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या बाजूने, फटीतून हवा ओढत असली तरी आकडे असेच दिसतात, म्हणून प्लग काढून पाहिला: कोरडी काळी काजळी. इनटेकचा लीक ईसीयू खरोखर भरून काढतो, त्यामुळे प्लग बदामी राहतो. इथं तो काळा होता. एक गोष्ट लक्षात ठेवा, सीएनजीवर प्लग तसाही स्वच्छच दिसतो, तेव्हा ही परीक्षा गाडी पेट्रोलवर चालवूनच करायची.

लीक सापडला तो सकाळी, थंड इंजिनवर. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या फ्लँजपाशी, म्हणजे इंजिनाला पाइप जोडतात त्या जॉइंटपाशी, टिक-टिक आवाज येत होता आणि गॅस्केटच्या कडेला काळा ओघळ होता. इंजिन तापलं की धातू फुगतो, फट मिटते, आवाज बंद. म्हणून गाडी रात्री गॅरेजातच ठेवून घ्या, ड्रायव्हर कितीही कुरकुरला तरी. आवाज नाहीच आला तर पाइपच्या मागच्या तोंडातून ब्लोअरने हवा भरा आणि जॉइंटवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे दिसतात.

वेल्डिंगच्या जागा पाहताना सेन्सरची वायरही पाहा. नवा पाइप मूळ जागेवरून जात नाही, वायर टेकते आणि वितळते. सेन्सर मागे सरकवला असेल तर तो तापायला वेळ लागतो. साधारण ३०० अंशांच्या खाली तो नीट बोलतच नाही. गॅस्केटला साधा सिलिकॉन फासलेला असेल तर त्याच्या वाफेने सेन्सर खराब होतो, म्हणून डब्यावर 'सेन्सर सेफ' लिहिलेलाच वापरा. आणि स्वतः वेल्डिंग करणार असाल तर आधी बॅटरीची वायर काढा, अर्थ जॉइंटच्या जवळच द्या. ईसीयू उडाला तर वर्षभराची कमाई जाईल.

लीक बंद केल्यावर कोड पुसा, ट्रिम रीसेट करा आणि गाडी थंड-गरम दोन्ही अवस्थांत चालवून पुन्हा आकडे बघा. ट्रिम १० टक्क्यांच्या आत आले तरच बिल फाडा.

राहिला पी०४२०, म्हणजे कॅट नीट काम करत नाही असं सांगणारा कोड. कॅटच काढलेला असेल तर लीक बुजवल्यावरही हा कोड येणारच, कारण कॅटच्या मागे बसवलेल्या दुसऱ्या सेन्सरला कॅटचं काम दिसत नाही. मालक म्हणतो, "काहीतरी अडकवून लाइट बंद करून द्या." आम्ही करत नाही. कॅट काढणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खालचा बेकायदा बदल आहे आणि १८२ए नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतं. त्याला कंपनीच्या कॅटचा भाव लिहून द्या. तासाभराने तोच फोन करून विचारतो, जुना कॅट भंगारात कितीला जाईल.