रिमोट किल्लीचा सेल बदलताय? या चुका टाळा

गाडीच्या अगदी जवळ गेल्याशिवाय दार उघडत नाही, बटण दोन-तीनदा दाबावं लागतं. बहुतेकदा सेल उतरलेला असतो. काम पाच मिनिटांचं, पण किल्लीची वाट लागते ती उघडतानाच.

आधी खटका दाबून आतली धातूची किल्ली काढा. कव्हर उघडायची खाच बहुधा तिच्याच खोबणीत असते. काही किल्ल्यांत बारीक स्क्रूही असतो. तो न काढता जोर लावला तर प्लॅस्टिकचं लॉक तुटतं आणि कव्हर कायमचं सैल होतं. चपट्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला कापड गुंडाळा, खाचेत घालून हलकेच पिळा. आत खुपसू नका, सर्किट बोर्ड लगेच पलीकडे असतो.

काही किल्ल्यांत इमोबिलायझरची (गाडीने किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणाऱ्या यंत्रणेची) चिप सुटी असते: छोटासा काळा तुकडा किंवा काचेची बारीक नळी. ती कचरा समजून झटकली, तर दारं उघडतील पण इंजिन चालू होणार नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ नंबरचा. सीआर२०३२ म्हणजे व्यास २० मिमी, जाडी ३.२ मिमी. सीआर२०२५ तेवढाच रुंद, पण २.५ मिमी जाड. तो ३२च्या जागी बसतो खरा, पण आतल्या पत्रीला (सेलला टेकणाऱ्या धातूच्या पट्टीला) नीट टेकत नाही. किल्ली कधी चालते, कधी नाही. उलट, २५च्या जागी ३२ दाबून बसवलात तर पत्री वाकते. जुन्या सेलवरचा नंबर वाचून तोच आणा. चार्ज होणारा एलआयआर२०३२ घालू नका; पूर्ण चार्ज झाल्यावर तो सुमारे ४.२ व्होल्ट देतो आणि किल्ली ३ व्होल्टची असते.

जुना सेल काढण्यापूर्वी अधिकची (+) बाजू वर होती की खाली, याचा फोटो काढा. नवा सेल धातूच्या चिमट्याने धरू नका, दोन्ही बाजू जोडल्या जाऊन शॉर्ट होतो. कडाच धरा, सपाट बाजूंवर बोटांचा तेलकटपणा नको.

तरी चालत नाही? आधी सेल उलटा बसलाय का बघा. मग दबलेली पत्री सुईने केसभर वर उचला. काही कंपन्यांच्या सेलवर मुलांनी गिळू नये म्हणून कडू थर असतो, तो कधी पत्रीच्या आड येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. दुसरी किल्लीही चालत नसेल तर दोष गाडीकडे शोधा. दुसरी चालते आणि हीच हटून बसली, तर मॅन्युअलमध्ये किल्ली गाडीशी पुन्हा जुळवायची पद्धत बघा.

काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि तो मुलांपासून लांब ठेवा. उतरलेला सेलही गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.