पोर्ट आंबट लागतेय? आधी ताटलीत बघा

चॉकलेट केकचा मोठा घास, त्यावर पोर्ट या गोड वाइनचा घोट, आणि तोंड वाकडं! वाइन पातळ, आंबट, घशात नुसती जळजळ. लगेच बाटलीला नावं ठेवली जातात. पण बाटली ठीकच असते, केक वाइनपेक्षा गोड असतो. साखर चघळून चहा प्यायलात तर चहाही फिकाच लागेल.

तशी पोर्ट मुळीच कमी गोड नसते. पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यात द्राक्षांचा रस अर्धवट आंबलेला असतानाच त्यात 77 टक्के अल्कोहोलचं द्राक्षांचं स्पिरिट ओततात. यीस्ट मरतं, उरलेली साखर तशीच राहते: लिटरमागे साधारण 100 ग्रॅम. अल्कोहोल 20 टक्क्यांच्या आसपास जातं. तरीही आयसिंग आणि मिल्क चॉकलेटपुढे ती हरते. म्हणून कडवट डार्क चॉकलेट घ्या. किंवा गोड पदार्थ सोडूनच द्या आणि स्टिल्टनसारखं खारट ब्लू चीज ठेवा. माझ्या मते पोर्टची खरी जोडी हीच. खारटपणामुळे वाइनचं फळ एकदम पुढे येतं.

दुसरी चूक म्हणजे ‘पोर्ट ती पोर्ट’ असं समजणं. रूबी आणि टॉनी हे तिचेच दोन वेगळे प्रकार. रूबीला हवा फारशी लागू देत नाहीत, म्हणून ती गडद लाल आणि बेरीच्या चवीची राहते. चॉकलेट, चेरी, रासबेरी तिच्या वाट्याचे. टॉनी लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं हळूहळू हवा खाते. रंग विटकरी होत जातो, चव अक्रोड आणि कॅरॅमलकडे झुकते. तिला भाजलेले बदाम, क्रेम ब्रूले, सफरचंदाचा टार्ट द्या. रासबेरीसोबत टॉनी म्हणजे दोघींचाही अपमान. चॉकलेटच हवं असेल तर दक्षिण फ्रान्सची बान्यूल्सही बघा. तीही फोर्टिफाइडच, म्हणजे पोर्टसारखीच स्पिरिट घातलेली, मुख्यतः ग्रनाश द्राक्षांची.

कोमट पोर्ट देऊ नका, ग्लास नाकाशी नेताच अल्कोहोल झोंबतं. टॉनी 12 ते 14 अंशांवर, रूबी 16च्या आसपास छान लागते. ग्लासही अर्ध्याच्या खालीच भरा.

व्हिंटेज पोर्ट, म्हणजे एकाच वर्षाच्या द्राक्षांची, पिंपात दोनेक वर्षंच राहते, पुढची कित्येक दशकं बाटलीत. त्यामुळे तळाशी गाळ साचतो. आडवी ठेवलेली बाटली काढून तशीच ओतली की दातांखाली कचकच! आदल्या दिवशी ती उभी करून ठेवा. ओतताना बाटलीच्या मानेमागे दिवा धरा, एका संथ धारेत डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन ओतून घ्यायच्या काचेच्या भांड्यात, रिकामी करा, आणि गाळाची काळी रेघ मानेत दिसताच थांबा. तळाचं थोडं सोडायला जीव होत नाही, पण सोडा.

उघडलेली व्हिंटेज दोन-तीन दिवसांत संपवावी लागते. टॉनीची हवेशी ओळख आधीच झालेली असते, म्हणून ती फ्रीजमध्ये काही आठवडे टिकते. दोघांसाठीच बाटली उघडायची असेल तर व्हिंटेज आडवीच राहू द्या, टॉनी काढा.