घरची बिअर: पैसे आधी फ्रिजवर, मग टोपावर

घरी बिअर करायला लागलं की पहिली मोठी खरेदी बहुतेक टोपाची होते. चकाकतं स्टील, खाली नळ, नळाशेजारी तापमापक. आणि त्यात उकळलेलं वर्ट, म्हणजे बिअर होण्याआधीचं धान्याचं गोड पाणी, पुढे दोन आठवडे बेसमेंटच्या कोपऱ्यात, दिवसा २६ आणि रात्री २० डिग्रीत आंबत पडतं. अशा बिअरला जो थिनरसारखा उग्र वास येतो, तो महागड्या टोपाने जात नाही. साध्या ॲल्युमिनियमच्या टोपात उकळून १८ डिग्रीला धरून आंबवलेली बिअर तिच्यापेक्षा कितीतरी सरस निघते. म्हणून खाली पूर्ण मांडणी दिली असली, तरी खर्चाचा क्रम चव जिथे बिघडते त्या जागांप्रमाणे लावला आहे.

आधी कायद्याचं. ही माहिती अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी आहे. अमेरिकेत १९७८ च्या संघीय कायद्याने घरगुती बिअरला करमुक्त परवानगी मिळाली. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन म्हणजे सुमारे ३७८ लिटर, दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन. विकायची मात्र नाही. राज्यांचे नियम वेगळे असतात, ते आपापल्या राज्यापुरते तपासा. अलाबामा आणि मिसिसिपीत ही मुभा २०१३ मध्ये आली. ब्रिटनमध्येही स्वतःच्या घरापुरती करायला परवाना लागत नाही. महाराष्ट्रात तसं नाही. तिथे १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, त्यामुळे सुट्टीत पुण्याला गेल्यावर ही मांडणी तिथे उभी करू नका.

टोप, पिशवी आणि पाण्याचा हिशोब

सगळ्यात कमी भांड्यांत होणारी पद्धत म्हणजे पिशवीची. एकाच टोपात पाणी तापवायचं, बारीक विणीच्या पॉलिस्टरच्या पिशवीत बार्ली माल्टची (मोड आणून वाळवलेल्या बार्लीची) भरड भिजवायची, तासाभराने पिशवी उचलायची आणि त्याच टोपात उकळायचं. तीन भांडी आणि पंप यांचा संच नंतर कधीतरी घेता येतो. त्याने बिअर आपोआप चांगली होत नाही, धुवायची भांडी मात्र वाढतात.

२० लिटरच्या घाण्यासाठी टोप ३८ ते ४० लिटरचा हवा. तो का, ते हिशोबावरून कळेल. आंबवायच्या बादलीत २० लिटर जायला हवं. टोपाच्या तळाशी गाळासोबत दीड लिटर राहतं. तासाभराच्या उकळीत साधारण ४ लिटर वाफ होऊन जातं. साडेचार किलो भरड पिळल्यानंतरही किलोमागे ६०० मिली पाणी धरून ठेवते, म्हणजे २.७ लिटर. एकूण २८.२ लिटर पाणी. त्यात भरडीने व्यापलेली ३ लिटर जागा मिळवली की पातळी ३१ च्या वर जाते, आणि उकळी फुटताना फेसाला वर जागा लागतेच. ३० लिटरचा टोप घेतला तर पहिल्याच दिवशी उतू जाईल.

यातला वाफेचा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो. तो टोपाच्या तोंडावर, आचेवर आणि हवेवर ठरतो. पहिल्या घाण्याच्या आधी नुसतं पाणी तासभर उकळून किती घटलं ते मोजा. या एका चाचणीने पुढची सगळी मापं जागेवर येतात.

ॲल्युमिनियमचा नवा टोप असेल तर त्यात आधी साधं पाणी अर्धा तास उकळून ओता, आत करडा थर धरतो. तो थर घासून काढू नका. ऑक्सिजनवाली क्षारीय पावडर ॲल्युमिनियमला लावू नका, ती स्टीलसाठी आणि प्लॅस्टिकसाठी.

आच

अमेरिकेतल्या साध्या १२० व्होल्टच्या प्लगवर १५०० वॅटचा हीटर चालतो. २८ लिटर पाणी २० वरून ७० डिग्रीला न्यायला त्याला, काही उष्णता वाया गेली नाही असं धरलं तरी, तास-सव्वा तास लागतो. खरी अडचण पुढे येते. तासाला ४ लिटर वाफ करायची तर नुसत्या त्यासाठी अडीच किलोवॅट लागतात. १५०० वॅटवर पाणी फक्त खदखदल्यासारखं दिसतं, जोरदार उकळी येत नाही. म्हणून तीन मार्ग: अंगणात प्रोपेनची शेगडी, इलेक्ट्रिशियनकडून घातलेली २४० व्होल्टची लाइन, किंवा अपार्टमेंटात असाल तर २० लिटरच्या टोपात १० लिटरचा अर्धा घाणा. अर्ध्या घाण्यात कमीपणा काही नाही. शिकायला तोच बरा, कारण त्याच माल्टमध्ये दुप्पट वेळा करून बघता येतं. ब्रिटनमध्ये ३ किलोवॅटचा हीटर भिंतीतल्या साध्या सॉकेटवर चालतो, टोपाला बाहेरून फोम गुंडाळला की पुरतो.

प्रोपेन कधीही बंद गॅरेजमध्ये पेटवू नका, दार अर्धं उघडं ठेवूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. विजेची मांडणी असेल तर गळतीला लगेच तुटणारा जीएफसीआय ब्रेकर हवाच.

भरड भिजवणं

फिकट एल (ale) माल्ट ४.२ किलो, रंग आणि गोडवा देणारा क्रिस्टल माल्ट ३०० ग्रॅम. भरड दुकानातून दळून आणत असाल तर दोनदा दळायला सांगा. स्वतःची चक्की असेल तर रोलरमधली फट ०.८ ते ०.९ मिमी ठेवा. पिशवी असल्याने बारीक भरड चालते. साखर कमी उतरते त्याचं पहिलं कारण जवळजवळ नेहमी जाड भरड हेच असतं.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उकळून जातं, पण बऱ्याच शहरांत क्लोरामाइन असतं आणि ते उकळीने जात नाही. ते राहिलं तर बिअरला दवाखान्यातल्या चिकटपट्टीसारखा वास येतो आणि नंतर काही केलं तरी तो निघत नाही. कॅम्पडेनची (पाण्यातलं क्लोरीन आणि क्लोरामाइन काढणारी, दुकानात मिळणारी) अर्धी गोळी चुरून २८ लिटरात ढवळा, काही मिनिटांत काम होतं. इतक्या थोड्या पैशांत एवढा फरक पाडणारी दुसरी गोष्ट या सगळ्या कामात नाही.

आदण ७० डिग्रीला आणा. भरड घातल्यावर ते ६७ च्या आसपास उतरतं. पिठलं करताना एका हाताने बेसन सोडत दुसऱ्या हाताने घोटतो तशी भरड घाला, नाहीतर गुठळ्यांच्या आत कोरडं पीठ तसंच राहतं. आच बंद करा. पिशवी तळाला टेकलेली असताना खाली आच दिली तर ती वितळते. हीटर आत असेल तर तळाशी जाळी ठेवा. टोप गोधडीत गुंडाळून तासभर ठेवा, दीड-दोन डिग्रीने उतरलं तरी बिघडत नाही. ६५ ला भिजवलं तर बिअर कोरडी आणि हलकी होते, ६९ ला केलं तर अंगाने भरीव.

टोपाला लावलेल्या घड्याळासारख्या तापमापकावर भिस्त ठेवू नका. हातात धरायचा डिजिटल तापमापक बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवतो का ते बघा. उकळत्या पाण्यात १०० दाखवायला हवा तो समुद्रसपाटीला. डेनव्हरमध्ये पाणी ९५ च्या आसपासच उकळतं, तेव्हा तापमापकाला दोष देऊ नका.

तासाभराने पिशवी उचला. भिजलेली भरड सात किलोच्या वर जाते, त्यामुळे वर कप्पी टांगा किंवा टोपावर ओव्हनची जाळी ठेवून तिच्यावर निथळू द्या. मग पिळा. पिळल्याने बिअर तुरट होते ही भीती सोडून द्या. तुरटपणा येतो तो भरड ७७ डिग्रीच्या वर तापली आणि पाण्याचा पीएच ६ च्या पुढे गेला की.

उकळणं आणि निववणं

उकळी फुटताना फेस झपाट्याने चढतो. ती पाच मिनिटं टोपापासून हलू नका, आच हाताशी ठेवा. झाकण लावू नका, कारण फिकट माल्टमधून उकडलेल्या मक्यासारखा वास देणारं संयुग तयार होत असतं आणि ते वाफेबरोबर बाहेर जायला हवं.

हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं. कॅस्केड जातीचे हॉप्स, ५.५ टक्के अल्फा आम्लाचे (कडवटपणा त्यातूनच येतो), ३० ग्रॅम सुरुवातीला, ३० ग्रॅम शेवटची दहा मिनिटं राहिल्यावर आणि ३० ग्रॅम आच बंद केल्यावर. कडवटपणा २५ आयबीयूच्या (कडवटपणा मोजायचं एकक) आसपास येतो.

निववायला १५ मीटर लांब, ९.५ मिमी जाडीच्या तांब्याच्या नळीचं वेटोळं. उकळी संपायच्या १५ मिनिटं आधी ते टोपात सोडा म्हणजे तिथेच निर्जंतुक होतं. पाणी सुरू केल्यावर वेटोळं किंवा वर्ट सतत हलवत राहा; न हलवता ठेवलं तर नळीभोवतीचं तेवढंच थंड होतं आणि वेळ दुप्पट लागतो. टेक्सासच्या उन्हाळ्यात नळाचं पाणीच २८ डिग्रीचं येतं, तिथे वर्ट ३२ पर्यंत आणून बादलीत घ्या, झाकण लावून फ्रिजमध्ये १८ ला येऊ द्या आणि यीस्ट दुसऱ्या दिवशी सकाळी घाला. गरम वर्टमध्ये घाईने यीस्ट टाकण्यापेक्षा ही रात्र परवडते. अट एकच, बादली पूर्ण निर्जंतुक हवी.

धुणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं आहेत. आधी क्षारीय पावडरने डाग पूर्ण काढायचे, मग स्टार सॅनसारखं आम्ल लिटरला दीड मिली या मापाने. दोन मिनिटं ओलं राहिलं की झालं, फेस धुवायचा नाही. डागाखाली बसलेल्या जंतूपर्यंत ते पोचत नाही. आंबट बिअर वारंवार निघत असेल तर बादलीचा आणि टोपाचा नळ सुटा करून बघा, आत जुना चिकट थर सापडतो. आतून ओरखडे पडलेली बादली सरळ टाकून द्या.

फ्रिज

आता मुख्य खर्च. यीस्ट काम करताना स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे खोली २१ डिग्री असली तरी बादलीच्या आत तीन ते सहा डिग्री जास्त असतं. चव ठरते ती पहिल्या तीन दिवसांत. त्यात २५-२६ गाठलं की जड अल्कोहोल आणि नेलपॉलिश रिमूव्हरसारखे वास तयार होतात, पुढे थंड केलं तरी जात नाहीत.

जुना वापरलेला उभा फ्रिज घ्या, ज्यात फळ्या काढून बादली बसते. आडवा डीप फ्रीझर स्वस्त मिळतो, पण २२ किलोची भरलेली बादली वाकून आत उतरवणं पाठीला भारी पडतं आणि आत ओल साचून बुरशी धरते. फ्रिजचा प्लग दोन सॉकेटवाल्या तापमान कंट्रोलरमध्ये: थंड बाजूला फ्रिज, गरम बाजूला बादलीभोवती ३०-४० वॅटची हीटिंग पट्टी.

कंट्रोलरचा सेन्सर आतल्या हवेत लोंबकळत ठेवणं ही नेहमीची चूक. हवा दोन मिनिटांत थंड होते, फ्रिज बंद पडतो, वर्ट तसंच गरम राहतं. सेन्सर बादलीच्या बाहेरून, वर्टच्या पातळीच्या मध्यावर चिकटवा आणि त्यावर फोमचा जाड तुकडा टेपने घट्ट बसवा. कंट्रोलरवरचा फरक, म्हणजे ठरवलेल्या तापमानापासून किती ढळल्यावर तो चालू व्हावा ते, १ डिग्री ठेवा, कॉम्प्रेसरचा थांबा किमान ५ मिनिटं. फरक ०.३ वगैरे ठेवला तर फ्रिज आणि पट्टी एकमेकांशी झगडत राहतात.

यूएस-०५ सारख्या कोरड्या यीस्टचं ११.५ ग्रॅमचं एक पाकीट या १.०४५ घनतेच्या (पाणी १.०००; साखर जितकी जास्त तितका आकडा मोठा) वर्टला पुरतं, वरून भुरभुरलं तरी चालतं. १.०६० च्या पुढे दोन पाकिटं. पहिले चार दिवस १८ डिग्री, बुडबुडे मंदावले की २० ते २१ करा. हा शेवटचा चढ दिला नाही तर पॉपकॉर्नवरच्या लोण्यासारखी चव मागे राहते, कारण यीस्ट ती शोषून घेण्याआधीच झोपी जातं.

फ्रिज शक्यच नसेल तर माठाचं तत्त्व वापरा. बादली पाण्याच्या टबात, भोवती ओला सुती टी-शर्ट, समोर पंखा, सकाळ-संध्याकाळ गोठवलेल्या पाण्याची एकेक बाटली. कोरड्या हवेत चार-पाच डिग्री सहज मिळतात, फ्लोरिडासारख्या दमट हवेत भिस्त बाटल्यांवरच ठेवावी लागते.

भरणं

बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं असं नाही. हायड्रोमीटरचा, म्हणजे घनता मोजणाऱ्या तरंगत्या काचेच्या नळीचा, आकडा तीन दिवसांच्या अंतराने दोनदा तोच आला पाहिजे. इथे तो १.०१० च्या जवळ येईल, अल्कोहोल साडेचार टक्क्यांच्या थोडं वर. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारं यंत्र) या टप्प्यावर चुकीचं दाखवतो, अल्कोहोलमुळे. घाई करून भरलेल्या बाटल्या फुटतात, आणि काच लांब उडते.

१९ लिटरला ११० ग्रॅम साधी साखर, कपभर पाण्यात उकळून. तपकिरी, पिळून न उघडणाऱ्या झाकणांच्या बाटल्या, २० डिग्रीला दोन आठवडे. हिरव्या किंवा पारदर्शक काचेत प्रकाशाने हॉप्स बिघडून कुबट वास येतो.

फ्रिजनंतर पुढचा खर्च केगवर, म्हणजे बिअर दाबाखाली ठेवायच्या स्टीलच्या पिंपावर, करा. आंबून झाल्यावर बिअरला हवा लागली की ती काळवंडते, ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते, आणि हॉप्सचा सुगंध आधी जातो. १९ लिटरचा केग निर्जंतुक द्रावाने काठोकाठ भरून तो कार्बन डायऑक्साइडने बाहेर ढकला, म्हणजे आत हवा उरत नाही. मग बिअर केगच्या द्रवाच्या नळीतून तळाशी सोडा. ४ डिग्रीला १२ पीएसआय दाब लावून ७ ते १० दिवस ठेवा. ग्लासात नुसता फेसच येत असेल तर दाब कमी करू नका, त्याने आठवड्यात बिअरमधला वायू जाऊन ती सपक होते. खरं कारण म्हणजे ओतायची नळी आखूड आहे. ५ मिमी आतल्या व्यासाची नळी ३ मीटर लांब लावा.