क्वांटम मापन समजून घेताना या चुका टाळा

मृग लागण्याआधी आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील गावांमध्ये घरोघरी सोयाबीनची उगवणशक्ती तपासली जाते. घरच्या बियाण्यातले 100 दाणे ओल्या बारदान्यावर ओळीने मांडायचे, बारदाना गुंडाळून त्यावर पाणी शिंपडत राहायचे आणि आठवडाभराने कोंब मोजायचे. 70 किंवा त्याहून अधिक दाणे उगवले, तर बियाणे पेरण्याजोगे. बारावीच्या वर्गात क्वांटम यांत्रिकीतील यादृच्छिकता, म्हणजे एकेका घटनेचा निकाल आधी सांगता न येणे, मी याच बारदान्यापासून शिकवू लागतो, कारण सर्वांत मोठी चूक येथेच होते.

न उगवलेला दाणा हाती घेतला, की कारण सापडते: मळणीत टरफल तडकलेले असते, बुरशी लागलेली असते किंवा अंकुर मेलेला असतो. म्हणजे ‘70 टक्के’ हा आकडा आपल्या अज्ञानाचा असतो, दाण्याचा नसतो. आता उभ्या दिशेने ध्रुवित झालेला, म्हणजे ज्याचे कंपन उभ्या दिशेत आहे असा, एक फोटॉन (प्रकाशाचा कण) 45 अंशांत तिरप्या धरलेल्या ध्रुवक पट्टीवर, म्हणजे एकाच दिशेचे कंपन पार जाऊ देणाऱ्या पट्टीवर आला, तर तो पार होण्याची शक्यता निम्मी असते, आणि येथेही आत काहीतरी कारण दडलेलेच असणार असे विद्यार्थी गृहीत धरतात. पण भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न यांनी 1926 मध्ये मांडलेला मापनाचा नियम केवळ शक्यता सांगतो. उत्तर फोटॉनने आधीच सोबत आणलेले असते आणि दूरच्या मापनाचा त्यावर परिणाम होत नाही असे मानले, तर गुंफलेल्या (ज्यांच्या मापनांची उत्तरे एकमेकांशी जोडलेली असतात अशा) फोटॉन-जोड्यांच्या उत्तरांतील मेळ एका मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही, हे जॉन बेल यांनी 1964 मध्ये दाखवले. प्रयोगांत ती मर्यादा ओलांडली गेली, म्हणजे ही दोन्ही गृहीतके एकत्र टिकत नाहीत. याच कामासाठी क्लाउझर, आस्पे आणि झायलिंगर यांना 2022 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

याचा अर्थ काहीही घडू शकते, असा मात्र काढू नये. उभा ध्रुवित फोटॉन उभ्या आदर्श पट्टीतून दर वेळी पार होतोच. तसेच ‘मापन’ म्हणजे माणसाने डोळ्यांनी पाहणे नव्हे. शोधकयंत्रात (फोटॉन टिपणाऱ्या उपकरणात) नोंद उमटली, की खोलीत कोणी असो वा नसो, मापन झाले. आणखी एक गोष्ट: 10 दाण्यांवरून बियाण्याची पारख कोणी जाणता शेतकरी करत नाही, मग 10 फोटॉनांपैकी 7 तिरप्या पट्टीतून पार झाले म्हणून नियम चुकला असे का म्हणावे? 100 पैकी 40 ते 60 पार झाले, तरी उपकरणात बिघाड समजू नये.

प्रत्यक्ष पाहण्यासाठी बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची पुढची पारदर्शक पट्टी अलगद सोलून तिचे तीन तुकडे करावेत. मागच्या पट्टीला बहुधा चकाकणारा थर असतो, ती चालत नाही. कापण्यापूर्वी एकाच बाजूवर पेनाने बाण काढून घ्यावेत. बहुतेक पट्ट्यांत ध्रुवणाची दिशा कडेला समांतर नसून तिरपी, अनेकदा 45 अंशांत असते, त्यामुळे एखादा तुकडा नकळत उलटा झाला, की कडा जुळलेल्या असूनही अंधार होतो आणि प्रयोग फसला असे वाटते. दोन तुकडे काटकोनात धरल्यावर खिडकीचा उजेड जवळजवळ नाहीसा होतो. तिसरा तुकडा पुढे किंवा मागे धरून काहीच होत नाही अशी तक्रार नेहमी येते. तो दोघांच्या मधोमध, 45 अंशांत सरकवावा लागतो. मग जिथे काळोख होता तिथे उजेड परततो. आदर्श पट्ट्या असतील, तर पहिलीतून निघालेल्या प्रकाशाचा चौथा भाग. मधल्या पट्टीने फोटॉनची केवळ चाळणी केलेली नसते. पार झालेल्या प्रत्येक फोटॉनला तिने नवी दिशा दिलेली असते.

मात्र एवढ्यावरून क्वांटम सिद्ध झाले असे विद्यार्थ्यांना सांगू नये. खिडकीच्या उजेडातील हा बदल प्रकाशाला लाट मानूनही तंतोतंत निघतो. लाटेचे स्पष्टीकरण अपुरे पडते ते एकेक फोटॉन सोडल्यावर, कारण लाट अर्धी पार होऊ शकते, पण शोधकयंत्र अर्धा फोटॉन कधीच नोंदवत नाही.