मुलाचा खोकला: सर्दी की दमा, आणि पंप (इनहेलर) नीट कसा द्यायचा

नाक वाहतं, थोडा ताप येतो, मागून खोकला. हे बहुतेकदा विषाणूचं काम. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, खोकला मात्र दोन आठवडेही रेंगाळतो. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. दम्याचा खोकला ताप नसतानाही पहाटे उठवतो, धावल्यावर किंवा खूप हसल्यावर उसळतो, श्वास सोडताना शिट्टी वाजते आणि हे महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा होतं. घोळ असा की दमेकरी मुलाला झटका येतो तोही बहुधा सर्दीनेच. त्यामुळे घरी निदान करत बसू नका, श्वास मोजा.

मूल शांत असताना, शर्ट वर करून, पूर्ण १ मिनिट. २ महिन्यांखाली ६०, २ ते ११ महिने ५०, १ ते ५ वर्षं ४०. आकडा एवढा किंवा जास्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, तान्ह्या बाळासाठी लगेच. रडताना मोजलेलं धरू नका. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर असतील, बोलता किंवा पिता येत नसेल, तर १०८ लावा किंवा सरळ निघा. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये ओळखीचं नव्हे, जवळचं रुग्णालय गाठायचं.

दमा ठरला की खरी गडबड पंपात होते. लहान मुलाला स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी, हवाच. नुसता पंप तोंडात मारला तर औषध घशाला चिकटतं. पंप हलवा, स्पेसरला लावा, त्याचा मास्क नाक-तोंडावर घट्ट धरा, एकच पफ (फवारा) दाबा, ५-६ श्वास होऊ द्या. पुढच्या पफआधी अर्धा ते एक मिनिट थांबून पुन्हा हलवा. दोन पफ एकदम मारू नका. मूल रडत असेल तर औषध आत फारसं जात नाही. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळवा. फडक्याने पुसला की स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला बसतं. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ, मास्क वापरला असेल तर चेहराही धुवा. हा पंप रोजचा. 'सवय लागेल' म्हणून बंद केलात की झटके परततात.

घरात कॉइल, धूप, सिगारेट नको. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीला पलंग लावू नका, कपाटातली गोधडी धुऊनच अंगावर घाला.

पंपावर उरलेल्या पफचा आकडा दिसत नसेल तर सुरू केल्याची तारीख लिहून पफ मोजा. औषध संपल्यावरही फवारा उडतो.