जुन्या थ्री नॉट थ्रीची नळी मोजताय? या चुका टाळा

पुतण्या कॅनडात असतो, अल्बर्टात. गेल्या वर्षी त्यानं तिथं लायसनवर एक जुनी थ्री नॉट थ्री घेतली आणि नशीब बघा, रायफल निघाली आपल्या इशापूरच्या कारखान्यातली, त्यावर मुकुट, जीआरआय (ब्रिटिश राजा जॉर्जची खूण) आणि १९४२. लगेच व्हिडिओ कॉल, काका तुमची रायफल बघा. मी ईएमईत, म्हणजे लष्कराच्या दुरुस्ती खात्यात, आर्मरर होतो, हत्यारं दुरुस्त करायचो, आता साताऱ्यात पेन्शन खातोय, त्यामुळं घरात बंदुकीचा विषय निघाला की फोन मलाच. तिकडं घरी काडतुसं भरायला परवानगी आहे, आणि ह्याला घाई, काका गोळी किती मापाची मागवू तेवढं सांगा. म्हटलं आधी नळी मोज. मग मोजण्यात जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या करून बसला गडी.

आधीच सांगतो, हे वाचून इथं कुणी उद्योग करू नका. थ्री नॉट थ्री आपल्याकडं प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे साध्या लायसनवर न मिळणारं माप, शेतकऱ्याच्या लायसनवर मिळते ती .३१५. आणि काडतूस बनवायचं तर आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ चं लायसन लागतं. नळी मोजण्याची अक्कल मात्र कुठंही तीच.

पहिली चूक म्हणजे नावावर विश्वास. .३०३ इंच हे माप नळीतल्या आट्यांच्या, म्हणजे पिळदार कोरीव कामाच्या, उंच पट्ट्यांमधलं, म्हणजे लँड टू लँड, ७.७० मिमी. गोळी घट्ट बसायची असते ग्रूव्हमध्ये, म्हणजे पट्ट्यांमधल्या खाचांत, म्हणून गोळी .३११ किंवा .३१२ ची बनवतात. आता लढाईच्या घाईत बनलेल्या नळ्या, त्यात ऐंशी वर्षं वापर, ग्रूव्ह कुठं .३१२ सापडतो तर कुठं .३१६, त्याच्याही वर. बारीक गोळी ढिल्या ग्रूव्हमधून गेली की आट्यांची पकड लागत नाही, गोळी गोते खात जाते आणि टार्गेटवर गोल भोकाऐवजी आडवी चीर दिसते. मग लोक दुर्बिणीला नाहीतर काडतुसातल्या दारूला दोष देतात.

नळी साफ न करता मोजणं ही दुसरी. पुतण्या म्हणे आरशासारखी चमकतेय. चमकतच असणार, आत तांब्याचा थर होता. त्यानं कॉपर सॉल्व्हंट घातलं तर चिंधी चार दिवस निळी-हिरवी येत होती. चिंधी पांढरी निघेपर्यंत मोजायचंच नाही. जुनी मिलिटरी काडतुसं मारली असतील तर गरम पाणीपण ओतायचं, त्या काडतुसाच्या बुडाला पेट घेणारी जी जुनी कॅप असते तिच्यातून मीठ उरतं आणि ते तेलानं जात नाही, पाण्यानंच जातं.

मग शिसं. नळी मोजायची म्हणजे ग्रूव्हपेक्षा जरा मोठा मऊ शिशाचा गोळा नळीच्या तोंडातून आत ठोकत न्यायचा, बोल्ट काढून, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे हे बोट घालून बघून, नळीत तेलाचा हात मारून. गोळा बाहेर येतो तो आट्यांचा ठसा घेऊन. ह्या बहाद्दरानं घेतलं काय, तर गाडीच्या चाकाला बॅलन्सिंगला लावतात ते वजन. ते कडक असतं, ठोकताना जीव जातो, ठसा नीट भरत नाही आणि सुटल्यावर जरासं फुगतं. मासे धरायच्या गळाला लावतात ते शिसं घे म्हटलं, नखानं ओरखडा उठला पाहिजे.

ठोकायला त्यानं लाकडी दांडकं वापरलं, ते आत तिरकं चिरलं, आणि चिरलेलं लाकूड पाचरीसारखं शिशाच्या बाजूनं घुसून बसलं. रात्रीचे अडीच इकडं. मित्र सांगतोय म्हणे, एक गोळी मारून उडवून टाक! अरे नळी फुटेल, तोंड जाईल. नळीत काहीही अडकलेलं असताना गोळी मारायची नाही, कधीच नाही. भरपूर तेल सोडून रात्रभर ठेवलं आणि सकाळी चेंबरच्या बाजूनं पितळी रॉडनं हळूहळू मागं ठोकलं तेव्हा निघालं. पितळी रॉड, नळीपेक्षा जरा बारीक. लोखंडी नको, तोंडाची कड गेली की नेम गेला.

आता खरी गंमत. शिसं निघालं, ह्यानं डिजिटल व्हर्निअर लावला, ७.८३ मिमी. भागाकार केला, .३०८. आणि फोनवर ओरडला, काका ही सेव्हन पॉइंट सिक्स टू आहे, ही टू ए वन आहे! (टू ए वन म्हणजे इशापूरचीच ७.६२ मिमीची रायफल, तिची गोळी .३०८ ची.) मी म्हटलं मॅगझीन बघ, चौकोनी आहे का, मागची साइट ८०० मीटरपर्यंतच आहे का. नव्हतं तसलं काही, आणि १९४२ साली टू ए वन कुठनं येणार, ती साठच्या दशकातली.

घोळ काय होता सांगतो. ह्या नळीला ग्रूव्ह पाच. विषम. म्हणजे शिशावर जिथं उंचवटा येतो त्याच्या बरोबर समोर खळगा येतो. व्हर्निअरचा सपाट जबडा एका बाजूला उंचवट्यावर आणि दुसऱ्या बाजूला खळग्यात बसतो, आणि तुम्हाला मिळतं अर्धं ग्रूव्हचं आणि अर्धं लँडचं माप. .३१४ च्या ग्रूव्हचा निम्मा .१५७, .३०३ च्या लँडचा निम्मा .१५१५, बेरीज करा, .३०८५. ह्या आकड्यावर भरोसा ठेवून .३०८ ची गोळी मागवली असती तर ग्रूव्हमध्ये ढिली पडली असती.

दिवाळीला आला तेव्हा तो शिशाचा तुकडा औषधाच्या डबीत कापसात घालून आणला. आमचा एक दोस्त एमआयडीसीत टूलरूम चालवतो, त्याच्याकडं व्ही-ॲनव्हिल मायक्रोमीटर आहे, पाच धारांची कापायची हत्यारं, रीमर-टॅप, मोजायचा, १०८ अंशाच्या खाचेचा. आधी झिरो बघितला, मग शिसं खाचेत ठेवलं, रॅचेट टिकटिक. ७.९८. म्हणजे .३१४. दोस्त म्हणतो हे कुठल्या मशीनचं स्पेअर? पुतण्या गप्प. (समसंख्येच्या ग्रूव्हला साधा मायक्रोमीटर चालतो, पण व्हर्निअर नको, त्यात इकडं-तिकडं ०.०२ मिमी सहज जातात आणि इथं सगळं भांडण तेवढ्याचंच आहे.)

एकच जागा मोजून थांबू नका. नळी साफ करायच्या दोरीनं, पुल-थ्रूनं, पिढ्यान्‌पिढ्या ओढून तोंडाशी नळी एका अंगाला घासलेली असते, आणि चेंबरपुढचा घसा कॉर्डाइटच्या, म्हणजे जुन्या काडतुसातल्या दारूच्या, उष्णतेनं खाल्लेला. शिसं ढकलताना हाताला कळतं, कुठं घट्ट, कुठं अचानक सैल. घशाच्या बाजूनं वेगळा तुकडा घ्यायचा आणि दोन्ही मापं शेजारी शेजारी लिहायची.

चेंबर आणि घशासाठी त्यानं सेरोसेफ ओतलं, ७१-८८ अंशाला वितळणारा धातू. ओतला बरोबर, मोजला दुसऱ्या दिवशी. तो धातू थंड होताना आधी आकसतो, साधारण तासाभरानं चेंबरच्या मापावर येतो आणि पुढं फुगतच जातो. आता परत वितळवणार आहे म्हणतोय, ह्या वेळी मोबाइलला गजर लावून, आणि घशाकडचं शिसं पुढच्या फेरीला आणतो म्हणालाय. मी दोस्ताला सांगून ठेवलंय, मायक्रोमीटर कुणाला देऊ नको.